शेवटची नऊ मिनिटं

नगरच्या माणसाने शास्त्रीय संगीत ऐकायचं म्हटलं की त्याच्यापुढे दोन वाटा असतात. एक पुण्याला जाते. सवाई गंधर्व महोत्सव 1953पासून तिथे भरतो, आणि डिसेंबरात आमच्याकडची बरीच मंडळी सव्वाशे किलोमीटर जाऊन एखादं सत्र ऐकून मध्यरात्रीच्या एसटीने परत येतात. दुसरी वाट घरातल्या कपाटाकडे जाते. तिथे तबकड्या, कॅसेटी, सीड्या आणि आता हार्ड डिस्क असतात. वर्षातले तीनशे साठ दिवस आम्ही या दुसऱ्या वाटेने जातो. त्यामुळे आमच्या गप्पाही मैफलींपेक्षा ध्वनिमुद्रणांबद्दलच जास्त असतात.

या गप्पांसाठी आम्ही सात-आठ जण महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सावेडीत एकाच्या घरी जमतो. जिल्ह्याचं नाव आता कागदोपत्री अहिल्यानगर झालंय, बोलताना सगळे नगरच म्हणतात. गटात सर्वांत लहान मी, अठ्ठावीस वर्षांचा. बाकीचे बहुतेक निवृत्त: कोणी बँकेतून, कोणी शाळेतून, एक काका वीज मंडळातून. मी सॉफ्टवेअरमध्ये असल्यामुळे जुन्या कॅसेटी संगणकावर घेण्याचं काम आपसूक माझ्याकडे आलं.

आमचा नियम असा, की आधी ऐकायचं, गायकाचं नाव शेवटी सांगायचं. नाव आधी कळलं की माणसं घराण्याबद्दल बोलायला लागतात. ऐकून झाल्यावर प्रत्येकाने आपल्याला काय ऐकू आलं ते सांगायचं. कोणी म्हणतं, पंचमावरून उतरताना बुवा जरा थांबले. कोणी म्हणतं, तबलजी फार पुढे पुढे करतोय. आणि कोणी सुरू करतं, "हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आमच्याकडे पाव्हणे आले होते..." या शेवटच्या प्रकाराला आमच्यात 'फोडणी' म्हणतात. फोडणी बसली की बाकीचे हसतात, चहा येतो आणि गाणं मागे पडतं. म्हणून ठरलं होतं, की फोडणी शक्यतो नको, गाण्यावर बोलायचं.

हा नियम मला पटायचा, पण एक गोष्ट कायम खटकायची. भास्करबुवा बखले 1922 साली गेले. त्यांचं ध्वनिमुद्रण आज ऐकायला मिळत नाही. अल्लादिया खाँसाहेब 1946पर्यंत होते, तरी त्यांच्या बाबतीतही तीच परिस्थिती. बालगंधर्व आणि मास्टर कृष्णराव हे भास्करबुवांचे शिष्य. केसरबाई आणि मोगूबाई खाँसाहेबांच्या. म्हणजे शिष्यांचा आवाज आहे आणि गुरूंचा नाही. या दोघांचं गाणं कसं होतं हे आपल्याला कळतं ते शिष्यांच्या गळ्यातून आणि ज्यांनी ते ऐकलं त्यांच्या सांगण्यातून. त्या सांगणाऱ्यांनी त्या रात्रीची हवा, बैठकीतली माणसं, गवयाचा मूड हे सगळं गाळलं असतं, तर आपल्या हाती काय उरलं असतं? जिथे यंत्र नव्हतं तिथे श्रोत्याचं सांगणं हेच ध्वनिमुद्रण. मग यंत्र आल्यावर त्या सांगण्याची किंमत किती उरते?

या प्रश्नाचं उत्तर, निदान माझ्यापुरतं, एका कॅसेटमुळे मिळालं. बँकेतून निवृत्त झालेल्या काकांनी ती मला दिली. नव्वद मिनिटांची कॅसेट, वर निळ्या शाईत रागाचं नाव आणि 'रेडिओ' एवढाच शब्द. शनिवारी रात्री आकाशवाणीवर लागणारा संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम त्यांच्या थोरल्या भावाने चितळे रोडवरच्या वाड्यात टू-इन-वनवर टेप केला होता. नव्वदच्या आसपासची गोष्ट. भाऊ आता नाहीत. कॅसेटवर एकूण एकेचाळीस मिनिटं गाणं आहे. गायकाचं नाव इथे मुद्दाम लिहीत नाही, ते लिहिलं की तुम्हीही घराण्याकडे वळाल.

काका या कॅसेटबद्दल नेहमी एकच सांगायचे. शेवटच्या द्रुत बंदिशीत बुवा जमीन सोडतात. लय चढते, आवाज चढतो, जणू त्यांना स्वतःलाच आवरत नाही. आणि मग फोडणी: "ती शेवटची बंदिश आम्ही दोघांनी अंधारात ऐकली." तीस-पस्तीस वर्षं ते हे सांगत होते. आम्हीही ऐकलं तेव्हा तसंच वाटलं. शेवटची नऊ मिनिटं खरोखर उचलून नेणारी होती. शाळेतल्या बाईंनी डोळे पुसले.

कॅसेट संगणकावर घेताना मी एक गोष्ट नेहमी करतो. आवाजाच्या तळाशी विजेची घरघर शोधतो. आपल्याकडे वीज सेकंदाला 50 आवर्तनांनी येते, आणि घरगुती यंत्रात ती घरघर थोडीफार टेपवर उतरतेच. ती टेपवर बरोबर 50ला सापडली, तर टेपचा वेग बरोबर आहे असं धरता येतं. जास्त सापडली, तर टेप रेकॉर्ड करताना यंत्र हळू चाललं होतं आणि आता गाणं चढ्या सुरात वाजतंय. या कॅसेटवर ती 51ला होती. म्हणजे दोन टक्के वेग जास्त. हिशेब संपला असं वाटलं.

वीज मंडळातल्या काकांनी तो मोडून काढला. "त्या काळी 50 कुठे असायची?" त्यांचं म्हणणं खरं होतं. तेव्हा विजेची मागणी पुरवठ्यापेक्षा जास्त असायची आणि सगळ्या ग्रिडची आवर्तनं खाली घसरायची. 48पर्यंतसुद्धा. पश्चिम विभागात 2002 साली विजेच्या दराची नवी पद्धत आली, आवर्तनं पाहून जास्त-कमी पैसे पडायला लागले, तेव्हा कुठे ती ताळ्यावर आली. त्या रात्री ग्रिड 49वर असेल, तर टेपचा वेग दोन नव्हे, चार टक्के जास्त. गाण्यात दोन टक्के म्हणजे 34 सेंट. शंभर सेंट म्हणजे पेटीच्या दोन शेजारच्या पट्ट्यांमधलं अंतर, आणि ज्याला प्रमाणश्रुती म्हणतात ती साधारण 22 सेंटची. म्हणजे माझ्या हिशेबातली शंकाच एका श्रुतीपेक्षा मोठी होती.

मग पेटी कामाला आली. गळा कुठेही षड्ज लावू शकतो, पेटीला पट्टी सोडता येत नाही. टेपवरचा षड्ज काळी एक आणि पांढरी दोन यांच्या बरोबर मधोमध पडत होता. पेटी आजच्या हिशेबाने लागलेली होती असं धरलं, तर खरा षड्ज या दोनपैकी एक. काळी एक असेल, तर त्या रात्रीची वीज साडेएकोणपन्नासच्या आसपास निघते. पांढरी दोन असेल तर साडेबावन्न, आणि नव्वद साली रात्रीच्या वेळी तेवढी वीज कुठून येणार? वीज मंडळातल्या काकांनी काळी एकवर शिक्कामोर्तब केलं. नगरच्या एका वाड्यातला सूर शोधायला सगळ्या पश्चिम भारताची वीज कामी आली, याची आम्हाला गंमत वाटली.

पण हे पहिल्या बत्तीस मिनिटांचं. त्यानंतर टेपवर एक 'टक्' असा आवाज येतो, आणि घरघर नाहीशी होते. तिथून शेवटपर्यंत ती नाही. आणि त्याच नऊ मिनिटांत षड्ज हळूहळू वर सरकत जातो, शेवटी सुमारे 80 सेंटनी. बुवांचाच षड्ज चढला असता तर ती रंगत म्हणता आली असती. पण त्यांच्याबरोबर तानपुरे चढत होते. पेटीही चढत होती.

मी आलेख दाखवला. 'टक्' म्हणजे काय असेल, असं सगळे विचारत असताना बँकेतले काका म्हणाले, "लाइट गेली होती."

तेवढ्यावर सगळं उलगडलं. लाइट गेल्यावर टू-इन-वन आपोआप सेलवर गेला. विजेची घरघर थांबली. सेल जुने होते. मोटर मंदावत गेली, टेप हळू फिरत राहिली. हळू भरलेली टेप नंतर नेहमीच्या वेगाने वाजवली की सूर आणि लय दोन्ही चढतात. बुवांना कोणी आवरत नव्हतं असं जे वाटायचं, ते मरत आलेले सेल होते.

ही माहिती काकांनी आम्हाला कितीतरी वेळा दिली होती. शेवटची बंदिश आम्ही अंधारात ऐकली, हे वाक्य आम्ही फोडणी म्हणून बाजूला काढत आलो होतो. टेपवर तारीख नव्हती, वेळ नव्हती, यंत्राचं नाव नव्हतं. कुठेही न लिहिलेली, पण गाण्याचा वेग समजायला सर्वांत उपयोगी असलेली नोंद एका श्रोत्याच्या आठवणीत होती आणि ती तो दर वेळी इमानाने सांगत होता.

पुढच्या रविवारी मी दुरुस्त केलेली प्रत नेली. षड्ज स्थिर, लय स्थिर. ती नऊ मिनिटं आता साधारण साडेनऊ झाली होती. ऐकताना खोलीत वेगळीच शांतता होती. उधाण नव्हतं. उलट कळत होतं की बुवांनी लय अजिबात वाढवलेली नाही. तबलजी दोनदा पुढे सरकायला बघतो, ते त्याला जागेवर ठेवतात, आणि त्या आवरलेल्या लयीत ताना अधिक गुंतत जातात. ज्याला आम्ही सुटणं म्हणत होतो, ते प्रत्यक्षात धरून ठेवणं होतं. शाळेतल्या बाई म्हणाल्या, "हे जास्त अवघड आहे." ते खरंच होतं.

काका काही बोलले नाहीत. त्यांनी जुनी प्रत पुन्हा लावायला सांगितली. ती संपेपर्यंत डोळे मिटून बसले आणि म्हणाले, "ती बुवांची. ही दादाची."

या वाक्यावर मी नंतर पुष्कळ विचार केला. माझा धंदा असा की दोन आवृत्त्या असल्या तर एक बरोबर आणि एक चूक, चुकीची काढून टाकायची. बुवांच्या गाण्यापुरतं ते खरंच आहे. उद्या कोणी त्यांच्या लयीबद्दल लिहिणार असेल, तर त्याला दुरुस्त प्रतच द्यायला हवी, नाहीतर सेलच्या खाती जमा व्हायची गोष्ट तो बुवांच्या नावे लिहील. असं किती वेळा झालं असेल कोण जाणे. 78च्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सुरुवातीच्या तबकड्याही सगळ्या नेमक्या 78 फेऱ्यांच्या नव्हत्या. कंपनीगणिक, काळागणिक वेग बदलायचा. तो सहा टक्के चुकला की गायकाची पट्टी आख्ख्या एका स्वराने हलते. 'काय हा चढा आवाज' म्हणून आपण ज्याला दाद देतो, त्यात गळ्याचा वाटा किती आणि चकतीचा किती?

पण जुनी प्रतही खोटी नाही. फक्त तिचा विषय वेगळा आहे. त्या रात्री एका वाड्यात लाइट गेली आणि दोन भाऊ उठले नाहीत, याचं ते नेमकं मुद्रण आहे. किती मिनिटं अंधार होता, सेलमध्ये किती जीव उरला होता, हे सगळं त्यात आहे. दुरुस्त प्रतीत ते मी पुसून टाकलंय.

केसरबाई केरकरांची एक भैरवी 1977 साली व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशात गेली. त्या सोन्याच्या तबकडीच्या आवरणावर ती किती वेगाने फिरवायची हे कोरलेलं आहे: एक फेरी 3.6 सेकंदांत. सेकंद हे माप परग्रहावर कोणाला कळणार, म्हणून ते हायड्रोजनच्या अणूच्या मापात सांगितलंय. दुसरं यान 5 सप्टेंबरला निघालं आणि 16 सप्टेंबरला केसरबाई गेल्या. ज्यांना आपण ओळखत नाही अशा श्रोत्यांना गाणं पाठवताना पाठवणाऱ्यांनी वेगाची काळजी घेतली. आपण मात्र ओळखीच्याला गाणं पाठवतो तेव्हा एक फाइल आणि तिच्याखाली 'अप्रतिम' एवढंच लिहितो.

आमच्या गटाचा नियम आता बदललाय. नाव अजूनही शेवटीच सांगायचं. पण ऐकायच्या आधी प्रत कुठली ते सांगायचं: कशावरून घेतली, कोणत्या यंत्रावर, कोणाच्या घरी. आणि फोडणीला बंदी नाही. कोणी म्हणालं की तेव्हा पाऊस होता, पाव्हणे होते, पोर रडत होतं, तर मी ते फाइलच्या नोंदीत लिहून घेतो. काकांच्या कॅसेटच्या दोन फाइली आहेत. एकीच्या नावात 'दुरुस्त, काळी एक' आहे. दुसरीच्या नावात 'लाइट गेली, मिनिट 32'.