पानिपतातून परतलेला मुलगा

१४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतच्या मैदानात एकाच वर्षी, १७४२ साली जन्मलेली दोन मुले होती. एक नानासाहेब पेशव्यांचा थोरला मुलगा विश्वासराव. दुसरा पेशव्यांच्या दरबारी वडिलांमागे फडणिशी सांभाळणारा बाळाजी जनार्दन भानू, म्हणजे पुढचे नाना फडणवीस. विश्वासराव दुपारी गोळी लागून पडला. बाळाजी अंधार पडल्यावर अंगावरचे कपडे टाकून पळाला आणि जगला. विश्वासरावावर मराठीत बखरी, पोवाडे, नाटके, कादंबऱ्या आहेत. बाळाजीने आपली हकिकत स्वतःच लिहून ठेवली आहे. ती अभ्यासकांना ठाऊक आहे, पण वाचनाची आवड असलेल्या मराठी घरांत तिचे नाव क्वचितच निघते.

युद्ध, दुष्काळ, फाळणी अशा काळात वयात आलेली माणसे साहित्यात कशी दिसतात, हा माझ्या अभ्यासाचा विषय. तो मी दिल्लीत शिकवते. माझ्या वर्गात पानिपत, सोनीपतहून रोज गाडीने ये-जा करणारी मुले असतात. त्यांच्या लेखी पानिपत म्हणजे ब्लँकेटे, सतरंज्या, जुन्या लोकरी कपड्यांपासून सूत काढणारे कारखाने. आपल्या गावाचे नाव दूर महाराष्ट्रात सर्वनाशासाठी वापरतात हे ऐकून ती आधी हसतात, मग थोडी ओशाळतात. मराठा सरदार दत्ताजी शिंदे १० जानेवारी १७६० रोजी जिथे पडले, ते बुराडी आज उत्तर दिल्लीतली दाट वस्ती आहे. पानिपतावर मराठ्यांना हरवणाऱ्या अफगाण बादशहा अहमदशाह अब्दालीने यमुना ओलांडली ते बागपत, मराठ्यांनी जिंकलेले कुंजपुरा, खुद्द पानिपत, ही सगळी ठिकाणे आता राष्ट्रीय राजधानी क्षेत्राच्या नकाशात बसतात. मराठी मनातली सर्वांत मोठी जखम राजधानीच्या उपनगरांत पसरलेली आहे.

या विषयात इतकी वर्षे घालवल्यावर माझे एक मत पक्के झाले आहे. युद्धात मेलेल्या तरुणाला ओळख देतात ती मागे राहिलेली मोठी माणसे, आणि ती देतात आपल्या गरजेप्रमाणे. वाचलेल्याला मात्र स्वतःची ओळख स्वतःच जुळवावी लागते, बहुधा लाजेतून. साहित्याने दोन्ही कामे केली आहेत, पण वाचक पहिल्यावरच जीव टाकतात.

विश्वासरावाचेच पाहा. पानिपतावरची रघुनाथ यादवाची बखर गोपिकाबाईंच्या आज्ञेवरून लिहिली गेली. गोपिकाबाई म्हणजे विश्वासरावाची आई. मुलगा गेला त्या लढाईची हकिकत आईने लिहवून घेतली, हे एकदा लक्षात आले की त्या बखरीचा सूरच वेगळा ऐकू येतो. तिथे विश्वासराव देखणा आहे, शूर आहे, निष्कलंक आहे. त्याला भूक लागत नाही, तो घाबरत नाही, काकांशी त्याचे मतभेद होत नाहीत. अठरा वर्षांच्या मुलाच्या डोक्यात जे काही चालते त्यातले काहीच तिथे नाही. आईला दुसरे काय हवे असणार? पण पुढच्या अडीचशे वर्षांतल्या लेखकांनीही तेच चित्र थोड्याफार फरकाने चालू ठेवले.

जनकोजी शिंदे तर त्याहून लहान. वडील जयाप्पा १७५५ मध्ये नागोरला मारले गेले, काका दत्ताजी बुराडीला. त्या दिवशी जनकोजी स्वतः जखमी झाला आणि वर्षभराने पानिपतावर शत्रूच्या हाती सापडून मारला गेला. मिसरूड फुटण्याच्या वयात वडील आणि काका दोघांचे सूड त्याच्या खांद्यावर आले होते. ‘बचेंगे तो और भी लडेंगे’ हे मरतानाचे दत्ताजींच्या तोंडचे प्रसिद्ध वाक्य आपल्या शाळकरी मुलांनाही पाठ असते. ते मागे ठेवून गेलेल्या काकांच्या पुतण्याला काय वाटत असेल, हे मात्र आपण विचारत नाही.

आता बाळाजीकडे वळू. १७६० मध्ये मोहिमेचे सेनापती आणि विश्वासरावाचे काका सदाशिवराव भाऊ, म्हणजे भाऊसाहेब, यांच्याबरोबर तो उत्तरेत निघाला तेव्हा आई आणि बायको त्याच्यासोबत होत्या. मोहिमेबरोबर तीर्थयात्राही घडावी असा बेत, आणि असा बेत करणारे ते कुटुंब काही एकटे नव्हते. मथुरा-वृंदावन झाले. ऑगस्टमध्ये दिल्ली हाती आली, पण पैसा नव्हता. लाल किल्ल्यातल्या दिवाण-ए-खासच्या छताची चांदी काढून सैन्याचा पगार भागवावा लागला. नोव्हेंबरपासून पानिपतला छावणी पडली आणि दिल्लीकडची वाट अब्दालीने रोखली. रसद पाठवणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरमध्ये मारले गेले. मग उरली थंडी, मेलेली जनावरे, उपास. अडीच महिन्यांनी सैन्य लढायला बाहेर पडले ते उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू म्हणून.

पराभवाच्या त्या रात्रीचे आणि पुढच्या दिवसांचे वर्णन नानांच्या आत्मचरित्रात आहे. लिखाण अगदी छोटे, अपुरे; तरुणपणापाशीच थांबणारे. १८२९ च्या सुमारास जॉन ब्रिग्ज यांनी त्याचे इंग्रजी भाषांतर छापले, म्हणजे लंडनच्या विद्वानांपुढे ते लवकर गेले. त्यात पळणारा मुलगा आहे. घोडा गेला, कपडे गेले, लंगोटीवर चालणे आले. वाटेत शत्रूच्या टोळ्या आणि लुटारू, बरोबरच्या माणसांची ताटातूट, पोटात घालायला झाडाचा पाला. पानिपतपासून दिल्लीला वळसा घालून तो रेवाडीपर्यंत आला आणि तिथे त्याला आसरा मिळाला. बायको पुढे सुखरूप भेटली. आई परत आली नाही.

या हकिकतीत पराक्रमाची एकही ओळ नाही, आणि मला ती थोर वाटते ती त्यामुळेच. आत्मचरित्राची सुरुवात होते सृष्टी, जीव, इंद्रिये यांच्या चिंतनाने. मग लहानपणी देवपूजेची गोडी, वडील वारल्यानंतरच्या वयातली वासना आणि तिची खंत. लिहिणारा स्वतःला आरोपीच्या पिंजऱ्यात उभा करतो आहे. पानिपत या कबुलीजबाबाच्या ओघात येते. मी कसा वाचलो, यापेक्षा मी का वाचलो, हा प्रश्न त्याला छळतो. ज्याने आईला बरोबर आणले आणि जो आईशिवाय परतला, त्याला दुसरा कुठला प्रश्न पडणार? त्या काळातल्या माणसाला त्याचे उत्तर ईश्वरी कृपेतच सापडू शकत होते, आणि तो ते तिथे शोधतो.

पहिल्या महायुद्धात कादंबरीकार एरिक मारिया रेमार्क जर्मन सैन्यात गेला तोही अठराव्या वर्षी. त्याची पश्चिम आघाडीवरची कादंबरी पुस्तकरूपाने आली १९२९ मध्ये, महायुद्ध संपून दहा वर्षे झाल्यावर. युद्धाने ज्यांना मारले नाही त्यांनाही संपवले, हे त्याने सांगितले आणि जगाने मान्य केले. त्याच्या कितीतरी आधी, कादंबरी हा प्रकारच मराठीत नसताना, एका चित्पावन कारकुनाच्या मुलाने त्याच्या जवळपासचे काही लिहून ठेवले होते.

दिल्लीत राहून हा विषय शिकवायचा तर फाळणी टाळता येत नाही. १९४७ मध्ये पुराना किल्ला आणि हुमायूनच्या कबरीच्या आवारात मुस्लिम निर्वासित होते, तर किंग्जवे कॅम्पात पंजाबातून आलेले हिंदू आणि शीख. यशपाल यांच्या ‘झूठा सच’मधली तारा लाहोरच्या कॉलेजातली मुलगी. तिच्यावर अत्याचार होतो, घरची माणसे दुरावतात, आणि शेवटी ती दिल्लीत सरकारी अधिकारी म्हणून उभी राहते. यशपाल तिला देवीही करत नाहीत आणि बिचारीही. अनिता देसाईंच्या ‘क्लिअर लाइट ऑफ डे’मधला राजा जुन्या दिल्लीतला हिंदू मुलगा. उर्दू कवितेने भारलेला, जामियात शिकायची इच्छा असलेला. १९४७ चा उन्हाळा येतो आणि त्याची आवड हीच एकाएकी संशयाची गोष्ट ठरते. तो निघून जातो. मागे राहून घर सांभाळते ती बहीण बिम. कृष्णा सोबतींनी आपल्या तरुणपणाच्या त्या काळावरची आत्मकथनात्मक कादंबरी पुरी केली ती नव्वदीच्या उंबरठ्यावर. इतका वेळ का लागतो, हे मला मुलांना समजावून सांगावे लागत नाही. ज्यांच्या आज्या मुलतान किंवा झंगहून आल्या, त्यांच्या घरात त्या विषयावर पाळलेले मौन त्यांनी पाहिलेले असते.

या सगळ्यांत मला सर्वांत अस्वस्थ करतो तो भीष्म साहनींच्या ‘तमस’मधला रणवीर. वय साधारण पंधरा. मास्तर त्याला कोंबडी कापायला लावतात. पहिल्यांदा त्याला उलटी होते, पण तो कापतो आणि ‘दीक्षित’ ठरतो. थोड्याच वेळात त्याच्या टोळीतला एक पोरगा गल्लीतून जाणाऱ्या अत्तरवाल्याच्या पोटात सुरा खुपसतो. कठीण काळ माणसाला घडवतो असे आपण सहज म्हणतो. रणवीरलाही त्या काळानेच घडवले आहे.

म्हणून संकटातून तावूनसुलाखून सोने निघते, ही आपली आवडती समजूत मी वर्गात तपासायला लावते. नानांच्या बाबतीतही ती तपासावी. पुढे ते मराठी राज्याचे सर्वांत धोरणी कारभारी झाले. सावध, गुप्तता जपणारे, कुणावर पटकन विसंबून न राहणारे. याचे सगळे श्रेय पानिपताला देणे घाईचे होईल, पण पानिपताला वगळून त्यांचा स्वभाव समजेल असेही मला वाटत नाही. १७७६ मध्ये भाऊसाहेबांच्या तोतयाने बंड केले आणि त्याला देहान्त शासन झाले, तेव्हा कारभाराच्या केंद्रस्थानी नानाच होते. ज्याने खऱ्या भाऊंना शेवटच्या दिवशी पाहिले त्याच्या समोर खोटे भाऊ उभे राहिले. न. चिं. केळकरांनी त्या प्रकरणावर ‘तोतयाचे बंड’ लिहिले.

त्याहून कठीण गोष्ट सवाई माधवरावाची. जन्माआधीच वडील गमावलेला हा पेशवा नानांच्या देखरेखीखाली वाढला आणि १७९५ मध्ये एकविसाव्या वर्षी शनिवारवाड्यात वरून पडून गेला. तो अपघात होता की आत्महत्या, आणि नानांच्या धाकाचा त्यात वाटा किती, हा वाद अजून मिटलेला नाही. खाडिलकरांनी त्यावर नाटक लिहिले. स्वतः अठराव्या वर्षी मोकाट सुटलेला विनाश पाहिलेला माणूस दुसऱ्या तरुणाला मोकळे सोडू शकला नाही, असा त्याचा एक अर्थ मला लावावासा वाटतो. इतिहासकार म्हणून मी तो सिद्ध करू शकत नाही. वाचक म्हणून तो सोडवत नाही.

विश्वास पाटील यांची ‘पानिपत’ १९८८ मध्ये आली तेव्हा ते स्वतः तिशीच्या आत होते. भाऊसाहेबांवरचा पराभवाचा ठपका त्या कादंबरीने मराठी मनातून बऱ्याच अंशी पुसला, आणि त्यामागे इतिहासकार शेजवलकरांच्या ‘पानिपत : १७६१’ या ग्रंथाचे मोठे बळ होते. रणजित देसाईंच्या ‘स्वामी’ने पानिपतानंतर सोळाव्या वर्षी पेशवा झालेल्या माधवरावाला घराघरात पोचवले. या पुस्तकांनी दिलेले मी कमी लेखत नाही. पण तिन्हींचा नायक राज्य वाहणारा आहे. पाला खाऊन, उघड्या अंगाने रेवाडीला पोचलेला मुलगा त्यांच्या परिघाबाहेर राहतो.

मराठीच्या अभ्यासक्रमांत नानांचे ते छोटे आत्मचरित्र पूर्ण लावावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. त्याच्या जोडीला ‘तमस’मधला रणवीर आणि ‘झूठा सच’मधली तारा वाचायला द्यावी, म्हणजे युद्ध तरुण माणसाला किती वेगवेगळ्या दिशांना नेते हे मुलांना एकाच वर्षात कळेल. आणि ज्यांचा अभ्यासक्रम कधीच संपला आहे, त्या तुम्हा वाचकांना एक विनंती. येत्या संक्रांतीला पानिपताची आठवण निघेल तेव्हा पडलेल्यांबरोबर परतलेल्यांचीही काढा. नानांनी लिहिलेली ती पाने एका बैठकीत वाचून होतात.