ज्ञात हुतात्म्यांना अज्ञात करू नका

उद्या १७ सप्टेंबर. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. नांदेडला, लातूरला, प्रत्येक तालुक्याला सकाळी झेंडावंदन होईल. हुतात्मा स्मारकावर पुष्पचक्र वाहिलं जाईल, पोलीस मानवंदना देतील आणि मग भाषणात ते वाक्य येईल : "सर्व ज्ञात-अज्ञात हुतात्म्यांना विनम्र अभिवादन."

वीसेक वर्षं हे कार्यक्रम कव्हर करतोय. पाहुणे बदलले, पक्ष बदलले, काही पाहुण्यांनी तर दोन-दोनदा पक्ष बदलले. हे वाक्य मात्र जागचं हललं नाही.

अज्ञात ठीक आहे हो. ज्यांची नोंदच राहिली नाही त्यांच्यासमोर आपण फक्त हात जोडू शकतो. पण ज्ञात कोण? त्यांची नावं घ्यायला किती वेळ लागतो?

एक नाव सांगतो. हवालदार बचित्तर सिंग. शीख रेजिमेंटची दुसरी बटालियन. गाव पंजाबातलं लोपो.

१३ सप्टेंबर १९४८ च्या पहाटे भारतीय सैन्य सोलापूरकडून निजामाच्या हद्दीत शिरलं. नळदुर्गजवळ शत्रूच्या दोन गाड्या येताना दिसल्या. समोरून गोळीबार चालू असताना बचित्तर सिंग पुढं धावले आणि दोन्ही गाड्या, त्यातल्या माणसांसकट, ताब्यात घेतल्या. पुढं त्याच दिवशी त्यांच्या तुकडीवर एका पक्क्या मोर्चातून जोराचा मारा सुरू झाला. ते चाल करून गेले. मशीनगनच्या गोळ्या मांडीत घुसल्या, खाली पडले. तसेच सरपटत पुढं गेले, दोन हातबॉम्ब फेकले आणि ती मशीनगन बंद पाडली. जखमी अवस्थेत मागं न्यायला आले तर गेले नाहीत, पोरांना हिंमत देत राहिले. तिथंच गेले.

अशोक चक्र हा सन्मान १९५२ मध्ये सुरू झाला, १५ ऑगस्ट १९४७ पासूनच्या शौर्यासाठी. त्याचे पहिले मानकरी म्हणून ज्यांचं नाव घेतलं जातं ते हेच बचित्तर सिंग. आता बघा, रणांगणावरच्या शौर्याला परमवीर चक्र असतं. अशोक चक्र असतं ते शत्रूसमोरची लढाई सोडून इतर ठिकाणच्या शौर्याला. आणि हैदराबादची कारवाई तर कागदोपत्री लढाई नव्हतीच. तिचं नाव 'पोलीस ॲक्शन'. आपली म्हातारी माणसं आजही 'पोलीस ॲक्शनच्या साली' असंच म्हणतात. म्हणायला पोलीस कारवाई, पण मशीनगनसमोर सरपटत गेला तो फौजेचा हवालदार होता.

नळदुर्ग आज धाराशिव जिल्ह्यात आहे. १९८२ मध्ये लातूर वेगळा झाला त्याआधी लातूर आणि नळदुर्ग एकाच जिल्ह्यात होते. नांदेडचं आणि पंजाबचं नातं तर सांगायलाच नको. हुजूर साहिबमुळं रोजचं येणं-जाणं आहे, सचखंड एक्स्प्रेस त्याचसाठी धावते. ज्या मुक्तीचा आपण सण करतो, त्या कारवाईच्या पहिल्याच दिवशी पंजाबचा एक माणूस आपल्या मातीत पडला. आपल्या किती पोरांना त्याचं नाव माहीत आहे? शाळेत जाऊन विचारा एकदा.

फौज आली ती शेवटच्या पाच दिवसांत. १३ ला शिरली, १७ ला निजामानं शस्त्रं खाली ठेवल्याचं जाहीर केलं. त्याआधीची वर्षं इथल्याच माणसांनी काढली. गोविंदराव पानसरे १९४६ मध्ये बिलोली तालुक्यात अर्जापूरजवळ मारले गेले. कंधार भागात कल्हाळीची गढी लढली, उदगीरकडं रामघाटात लढाई झाली. ३० जानेवारी १९४८ ला, ज्या दिवशी दिल्लीत गांधीजींवर गोळ्या झाडल्या गेल्या त्याच दिवशी, आपल्या उमरीला स्वातंत्र्यसैनिकांनी निजामाच्या स्टेट बँकेवर छापा घातला. आणि माझ्या धंद्यातलं एक नाव मी स्वतः दरवर्षी घेतो : शोएबुल्ला खान. हैदराबादच्या 'इमरोज' या उर्दू दैनिकाचे संपादक. भारतात विलीन व्हा असं लिहिलं म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांचा खून झाला. मुक्तिसंग्रामाला हिंदू-मुसलमान भांडणाचा रंग द्यायला कुणी उठलं की हे नाव त्याच्यापुढं ठेवा.

आता म्हणाल, हे सगळं जुनं झालं. मग अलीकडचं घ्या. लोहा तालुक्यातल्या जानापुरीचे लान्स नाईक संभाजी कदम. २९ नोव्हेंबर २०१६ ला जम्मूजवळ नगरोट्याला लष्करी तळावर अतिरेक्यांनी हल्ला केला, त्यात ते शहीद झाले. पंढरपूरचे मेजर कुणाल गोसावीही त्याच हल्ल्यात गेले. अंत्यसंस्काराला अशी गर्दी लोटते की पाय ठेवायला जागा नसते. चौकाचौकात बॅनर लागतात, बॅनरवर शहिदापेक्षा भावपूर्ण श्रद्धांजली वाहणाऱ्यांचे फोटो मोठे असतात. पुढच्या वर्षी गर्दी निम्मी. पाचव्या वर्षी घरची माणसं आणि गावातले चार माजी सैनिक.

एका तालुक्याच्या ठिकाणी बघितलेलं सांगतो. वीरमातेला सत्काराला बोलावलं होतं. पाहुणे दोन तास उशिरा आले, माय तोवर उन्हातल्या खुर्चीवर बसून. शेवटी नाव पुकारलं तर निवेदकानं तिच्या लेकाचं नाव चुकीचं घेतलं. तिनं शाल घेतली, नारळ घेतला. आणि माईकपाशी जाऊन हळूच म्हणाली, "बापू, लेकाचं नाव तेवढं नीट घ्या." बस्स, एवढंच. नारळाबद्दल, शालीबद्दल, उशिराबद्दल तिची काही तक्रार नव्हती.

कार्यक्रमाला खर्च लागतो, मंडप लागतो. नावाला काही लागत नाही. यादी जुळवायची असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे, जिल्ह्याचं गॅझेटियर आहे, गावातल्या स्मारकाचा दगड आहे. आधी त्या दगडावरची धूळ झटकून अक्षरं वाचता येतील एवढं तरी करू.

म्हणून उद्या झेंडावंदनाला जाणाऱ्या सरपंचांना, मुख्याध्यापकांना, निवेदकांना एकच विनंती. भाषण दोन मिनिटांनी कमी करा आणि त्या दोन मिनिटांत नावं वाचा. पूर्ण नाव, गाव, कुठं आणि कधी गेले. एखाद्या पोराला वाचायला द्या, आधी घरी दोनदा वाचून घ्यायला सांगा. शहिदाच्या घरचं कुणी आलं असेल तर त्यांना सावलीत बसवा आणि नाव बरोबर आहे का ते त्यांनाच आधी विचारा.

तुमच्या गावचं नाव तुम्हाला माहीत असेल तर खाली लिहा. गाव, तालुका, साल. मी त्याची यादी करतो आणि ज्या शाळेला लागेल तिला देतो.