वारा बरोबर, भरती गायब

२०११चा पावसाळा. मालवणात समुद्र बंद, होड्या वर ओढून झापांनी शाकारलेल्या, सिंधुदुर्ग किल्ल्यावरची ये-जाही थांबलेली. मी कॉलेज संपवून घरी होतो आणि ‘पायरेट्स ऑफ द बर्निंग सी’ या ऑनलाइन खेळाचं वेड लागलं होतं. सिअ‍ॅटलच्या कंपनीने २००८ साली आणलेला हा खेळ आदल्या वर्षाअखेरीस फुकट झाला होता. काळ १७२०, जागा कॅरिबियन समुद्र. इंग्रज, फ्रेंच, स्पॅनिश किंवा चाचे, यांतलं एक व्हायचं आणि जहाज घेऊन निघायचं.

आजोबा तरुणपणी फत्तेमारी या शिडाच्या जहाजावर खलाशी होते, मंगलोरी कौलं भरून मुंबईपर्यंत जायचे. एका संध्याकाळी खुर्ची ओढून ते माझ्यामागे बसले. माझं जहाज लढाईत जागच्या जागी अडकलं होतं.

“समोरसून वारो येता आणि शीड उघडां कित्याक ठेवलंस रे?”

मी नाळ थोडी तिरकी घेतली आणि जहाज चालू लागलं. आडव्या शिडांचं मोठं जहाज मागून वारा असला की सुसाट, पण वाऱ्याच्या अंगावर जायचं तर उभ्या शिडांचंच लहान जहाज बरं, हे या खेळाने अगदी नीट बसवलं होतं. त्यानंतर आजोबा रोज येऊन बसायचे. शिडं कधी उतरवायची ते सांगायचे आणि खेळ त्यांचं ऐकायचा. इतिहासाचा कुठलाच धडा मला इतका अंगात भिनला नव्हता.

व्यापारही तसाच कसलेला. तोफा, दोर, लाकूड, सगळं खेळाडूंनीच बनवायचं आणि एकमेकांना विकायचं. जहाज काही ठरावीक वेळाच बुडून परत मिळे, मग कायमचं जाई. त्यामुळे माल भरून निघताना पोटात खरोखर गोळा यायचा. तलवारीची लढाई मात्र अगदीच पोकळ होती, आणि आमच्या नेटवर वार केला तरी तो लागेपर्यंत समोरचा निघून गेलेला असे. बंदरांच्या मोठ्या लढाया अमेरिकेच्या रात्री, म्हणजे आमच्या पहाटे. पुष्कळशा माझ्या हुकल्या.

पण मला खटकलं ते वेगळंच. मी उसाचा मळा घेतला होता. मळ्यावर मजुरीचे तास आपोआप साठायचे. मी झोपलेलो असलो तरी साठायचे, आणि सकाळी त्यांची साखर करायची. माणूस एकही दिसायचा नाही. १७२० सालच्या कॅरिबियनमध्ये ऊस तोडत होते ते आफ्रिकेतून साखळदंडात आणलेले गुलाम. खेळाने गुलामगिरी दाखवली नाही, पण तिची साखर ठेवली. हे कळल्यावर मी मळा सोडून दिला.

दुसरी गोष्ट आमच्या जिल्ह्याची. त्याच १७२० साली मुंबईच्या इंग्रजांचं आरमार विजयदुर्गावर चालून आलं होतं. गव्हर्नर बून यांनी खास बांधून घेतलेली ‘फ्राम’ नावाची तरंगती तोफनौका सोबत होती. तरी कान्होजी आंग्र्यांचा हा किल्ला हाती लागला नाही. इंग्रजांच्या कागदांत कान्होजी म्हणजे चाचा. प्रत्यक्षात ते छत्रपतींचे सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख होते. त्यांचं दस्तक, म्हणजे परवाना, घेतल्याशिवाय या किनाऱ्यावरून व्यापारी जहाज सुखाने जात नसे. खेळातल्या चाच्यांनी बंदर घेतलं तर ते थोड्या दिवसांत आपोआप त्यांच्या हातून जायचं. आंग्र्यांकडे विजयदुर्ग १७५६पर्यंत होता. चाचा कुणाला म्हणायचं हे कोण ठरवतो, हा प्रश्न त्या खेळाला पडतच नव्हता.

आजोबांची तक्रार साधी होती. एका लढाईत मी किनाऱ्यालगत जहाज नेलं तेव्हा त्यांनी विचारलं, “आता भरती हा की सुकती?”

मी सांगितलं, खेळात भरती-ओहोटी नाही. त्यांना ते खरंच वाटेना. उठून त्यांनी कालनिर्णयचं जुनं पान काढलं आणि पाठीमागच्या कोऱ्या जागेत पेन्सिलने सिंधुदुर्ग किल्ल्याचं कुरटे बेट, शेजारचा पद्मगड आणि मधली वाट काढली. ओहोटीला उघडी पडणारी खडपां कुठली, भरतीला पाण्याखाली जाऊन घात करणारी कुठली, ते सांगत प्रत्येकावर फुली मारली. किल्ला तटापेक्षा या खडपांनी राखला, असं ते म्हणाले.

तो कागद अजून माझ्याकडे आहे. त्यावर अकरा फुल्या आहेत आणि होडी न्यायची वाट एकच.