किंगपिनचा ताण

जीप ताशी चाळीसच्या पुढं गेली, पुढच्या एका चाकाला खड्डा लागला आणि स्टेअरिंग हातात नाचायला लागलं, की मालक म्हणतो, "मामा, एकदा अलाइनमेंट करून टाका." अलाइनमेंटनं हा रोग गेला असता तर मी कधीच शटर ओढून गावाकडं ऊस लावला असता. टो-इन पुस्तकाप्रमाणं ३/६४ ते ३/३२ इंचाच्या मध्ये आहे, कॅस्टर ३ अंश आहे, टाय रॉडचे एंड नवे आहेत, पाट्यांचे शॅकल बदललेत, चाकं बॅलन्स केलीत. तरी पन्हाळ्याच्या वाटेवर वाघबिळाच्या अलीकडं गाडी अंगात आल्यासारखी हलते. वेग पार उतरवल्याशिवाय शांत होत नाही. कधी पन्हाळ्यापर्यंत काहीच होत नाही, आणि मालक शेजारी बसला की हमखास होतं.

मी ज्या जीपांबद्दल बोलतोय त्या दुसऱ्या महायुद्धातल्या, विलीज आणि फोर्डच्या. १९४१ ते १९४५ मध्ये दोघांनी मिळून सहा लाखांच्या वर बनवल्या. युद्ध संपल्यावर इकडं राहिलेल्या लिलावात गेल्या. कोल्हापुरात अजूनही म्हातारी माणसं तिला 'डिस्पोजलची जीप' म्हणतात. १९४९ साली महिंद्रांनी माझगावात विलीजची जीप बांधायला घेतली, ती वेगळी. लांबून सारखी दिसते, पण पुढच्या जाळीतल्या खाचा मोजल्या की कळतं. युद्धातलीला नऊ, नंतरच्यांना सात.

या गाड्या मुळात युद्धापुरत्या केल्या होत्या. ऐंशी वर्षांनी कोकणातल्या कलमांच्या बागेतून कोणी ती ट्रकवर घालून आणेल असं टोलेडोच्या कारखान्यात कुणाच्या मनातही आलं नसेल. बॉडीखाली ज्या पन्हळी आधारपट्ट्या आहेत त्यांच्या पोटात लाकूड भरलेलं असतं. कोकणातला पाऊस ते लाकूड पितं आणि पत्रा आतून खातं. बागेतल्या गाडीत बहुतेकदा मॅटाडोरचं डिझेल इंजिन, ६ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट आणि अँबॅसडरचे दिवे असतात. ते सगळं काढून मूळचं साइड व्हॉल्व्हचं ६० घोड्यांचं इंजिन बसवणं कष्टाचं आहे, पण अवघड नाही. इंजिन खोटं बोलत नाही. बिघडलं तर ठोकतं, धूर सोडतं, तेल पितं. मला आयुष्यभर छळलं ते पुढच्या ॲक्सलनं, आणि त्यातही किंगपिननं.

ज्यांनी हे खोललंय त्यांना वेगळं सांगायला नको. चाक ज्यावर वळतं त्या नकलच्या वर एक टोपी, खाली एक टोपी, आत निमुळती बेरिंगं, आणि टोपीखाली शिमा, म्हणजे पातळ पत्र्याच्या चकत्या. शीम काढली की बेरिंग आवळतं, घातली की सैल होतं. वरच्या आणि खालच्या शिमांची जाडी सारखी ठेवायची, नाहीतर आतला सांधा मधोमध राहत नाही. सैल राहिलं तर वॉबल, म्हणजे स्टेअरिंगचा तो नाच. जास्त आवळलं तर वळणानंतर स्टेअरिंग आपसूक सरळ येत नाही आणि बेरिंग लवकर मरतं. या दोन्हींच्या मधली जागा दोन-तीन थाउंची, म्हणजे इंचाच्या दोन-तीन हजारांशांची असते. पुस्तक म्हणतं, सील काढून टाय रॉडच्या भोकाला काटा अडकवा आणि ओढा. ४ ते ६ पौंडांना नकल हलला पाहिजे.

मी काटा कधी वापरला नाही. माझ्या वस्तादांनीही नाही. टोपी आवळायची, टाय रॉडचा हात धरायचा, नकल डावीकडून उजवीकडं फिरवायचा. योग्य ताण असला की हाताला घट्ट लोण्यातून काहीतरी सरकल्यासारखं... नाही, तसंही नाही. ते मला कधी सांगता आलं नाही. ज्यांना शिकवलं त्यांना मी नुसतं "हं, आता" म्हणायचो. माझी सगळी कीर्ती त्या 'हं, आता'वर उभी होती. सांगली-बेळगावहून लोक यायचे. गाडी तयार झाली की मालकाला शेजारी बसवून हायवेला काढायची, पन्नासला न्यायची आणि दोन्ही हात स्टेअरिंगवरून उचलून विडी पेटवायची, हा माझा ठरलेला खेळ होता. विडी मला तशी फारशी आवडत नाही.

दोन वर्षांपूर्वी उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. मी बरेच दिवस कुणाला कळू दिलं नाही. मालक आला की हातात रिंगपाना धरायचा, नाहीतर चिंधीनं हात पुसत बसायचं. पाना पडला तर ग्रीसला शिव्या द्यायच्या. माझ्याकडं एक पोरगा शिकतो, आयटीआय झालेला, कागलकडचा. त्याला पहिल्या आठवड्यातच कळलं असणार, पण तो बोलला नाही. फक्त एके दिवशी प्रवासाची बॅग मोजायचा डिजिटल काटा घेऊन आला. हुक टाय रॉडच्या भोकात अडकवला आणि म्हणाला, "मामा, तुम्ही हातानं सांगा, मी आकडा बघतो. जुळतंय का बघू."

मला राग आला तो काट्याचा नव्हे. त्यानं इतक्या सभ्यपणे विचारलं, त्याचा.

गंमत अशी की जुळलं. हात रिकामा असला की थरथरतो, जोर लावला की थांबतो. नकल ओढताना बोटं पूर्वीसारखीच ठाम असतात. माझा अंदाज आणि काट्याचे पौंड यांत फारसा फरक पडेना. मग मी दुकान बंद झाल्यावर एकटाच तो काटा लावून बसायला लागलो. शीम घाल, ओढ, काढ, ओढ. पोराला सांगितलं, काटा नीट आहे की नाही ते तपासतोय. खरं तर मी स्वतःलाच तपासत होतो, आणि आकडा जुळला की मनातल्या मनात पोराला टोमणा मारत होतो.

पण चालवताना घोटाळा होतो. चाळीसच्या आसपास स्टेअरिंगमध्ये जी बारीक कंपनं येतात, वॉबल सुरू होण्याआधीची, ती मी तळव्यानं ओळखायचो. आता हलकी पकड ठेवली की हात आपलाच हलतो, आणि घट्ट धरलं की गाडीची थरथर दबते. चाक हलतंय की मी, हे नक्की सांगता येत नाही. म्हणून आता पोरगा डावीकडं चालवायला बसतो आणि मी उजवीकडं, पाय फ्लोअरवर टेकवून. पायाला अजून बरंच कळतं.

आकड्याच्या बाबतीत मात्र आमचं भांडण मिटलेलं नाही, आणि मिटावं असं मला वाटतही नाही. ओढायला सुरुवात करताना काटा एक आकडा दाखवतो, नकल फिरायला लागला की दुसरा, कमी. पुस्तकातला कोणता धरायचा? पोरगा म्हणतो, फिरतानाचा. ठीक. पण जुनं बेरिंग असलं तर गाडी आयुष्यभर सरळच चाललेली असते, म्हणून बाहेरच्या कपात नेमक्या सरळ जागीच रोलरांचे चर पडलेले असतात. मधे सैल, कडेला घट्ट. हातानं फिरवलं तर मधे पायरी चुकल्यासारखं लागतं. काट्याचा आकडा त्या जागेवरून उडी मारून जातो. बेरिंग नवंच घातलं तर हा प्रश्न नाही, मान्य. पण कप नीट तळापर्यंत बसलाय का, टोपी वाकडी नाही ना, सील घातल्यावर फेल्ट किती धरतंय, हे काट्याला एकाच आकड्यात दिसतं आणि हाताला वेगवेगळं. फेल्ट कोरडं असेल तर सगळा ताण त्याचाच असतो. दोन महिन्यांत ते घासून मऊ झालं की वॉबल परत. मी फेल्ट आदल्या रात्री तेलात भिजत ठेवतो. पोरगा म्हणतो, पुस्तकात आहे तसं सील काढूनच मोजलं की झालं. मी म्हणतो, गाडी सील काढून चालवणार आहेस का?

शिमांचंही तेच. मिळणाऱ्या शिमा कधी बरोबर जाडीच्या नसतात. कोल्ड्रिंकच्या डब्याचा पत्रा साधारण चार थाउ भरतो, गरजेला बरा. पण तो दबतो. मी पितळी पत्रा वापरतो आणि कात्रीनं उठलेली कड दगडावर घासून काढतो. ती कड राहिली तर थाउ मोजून काय उपयोग?

स्टेअरिंगचा जोर टाय रॉडकडं नेणाऱ्या बेलक्रँकची पिन झिजली असेल तर किंगपिन कितीही जुळवा, उपयोग शून्य. शिवाजी उद्यमनगरात अजून दोन-तीन लेथवाले आहेत ज्यांच्याकडून पिन नीट ग्राइंड करून मिळते. बाकीच्यांना नग पाहिजेत शेकड्यानं. एका पिनेसाठी मशीन लावायला ते तयार नाहीत. त्यांना दोष कसा देणार.

दोष द्यायचा तर गिऱ्हाइकांना देईन. हल्ली एक जात निघाली आहे, तिला फोर्डच्या जीपमध्ये प्रत्येक बोल्टच्या डोक्यावर फोर्डचा 'एफ' पाहिजे. मिळतात, महाग मिळतात. भिंग घेऊन बोल्ट बघतात, आणि बेलक्रँक बोटानं हलवून बघत नाहीत. दुसरी जात थेट फिलिपिन्सहून कोरी बॉडी मागवते आणि तिच्यावर चकचकीत हिरवा रंग मारते. तो रंग मुळात मॅट असतो, उन्हात चमकू नये म्हणून. तिसरी मंडी डबवालीच्या उघड्या जीपांसारखी रुंद टायर घालते, ६.०० बाय १६ च्या जागी, आणि मग वॉबलची तक्रार घेऊन माझ्याकडं येते. जोंगावाले त्यातल्या त्यात बरे. जबलपूरची ती गाडी दणकट, आणि तिचे मालक निदान तिला लष्करातून सोडवल्यासारखं वागवतात.

अहिल्यानगरला रणगाडा संग्रहालयात मी जाऊन आलोय. रोल्स-रॉइसची चिलखती गाडी तिथं आहे, बघण्यासारखी आहे. पण उभ्या गाडीसमोर मला करमत नाही. माझं लक्ष तिच्या पुढच्या चाकांकडं जातं आणि धरून हलवावंसं वाटतं, आणि तिथं हात लावायला मनाई आहे.

सध्या फोर्डची एक जीप दुकानात आहे, कोकणातल्याच बागेतली. पोरानं डावा नकल काट्यावर जुळवलाय, उजवा मी हातावर. दोन्हीची नोंद त्यानं वहीत केली आहे, माझ्याही बाजूचे पौंड परत मोजून. रविवारी मालक येणार आहे. मी पोराला सांगून ठेवलंय, तो काटा त्या दिवशी कपाटात राहू दे.