आजी म्हणाली, बिब्बा उतलाय

पापण्या इतक्या सुजल्या होत्या की सकाळी मोबाईलने मला ओळखलंच नाही. दोनदा चेहरा दाखवला, तिसऱ्यांदा त्याने पिन मागितला. मग आरशात पाहिलं. डोळ्यांच्या जागी दोन फटी. डाव्या हाताच्या बोटांच्या बेचक्यांत पाण्याने भरलेले बारीक फोड, भिजवलेल्या साबुदाण्यासारखे.

आजी गहू निवडत बसली होती. माझा हात ओढून उजेडात धरला आणि म्हणाली, "आगं माय, ह्ये तं बिब्बा उतल्यावानी दिसायलंय. कुठं हात घातलीस?"

मी हसले. जुन्या जालन्यातल्या आमच्या माळवदाच्या घरात, दहा बाय बाराच्या खोलीत, बिब्बा कुठून येणार? तिथे होते रेझिन आणि हार्डनरचे कॅन, सिलिकॉनचे साचे, रंगांच्या डब्या आणि एका नव्या जोडप्याची वरमाला, सिलिका जेलमध्ये सुकायला ठेवलेली.

हे काम मी २०२०च्या लॉकडाऊनमध्ये यूट्यूब बघून सुरू केलं. आधी किचेन, मग समुद्राच्या लाटांची घड्याळं (जालन्यात समुद्राला भलतीच मागणी), मग वरमाला. लोक काय काय आणून देतात! लग्नातला हार, बाळाचं जावळ, वाळलेली नाळ. एका बाईंनी वडिलांच्या चष्म्याची काडी आणली होती. सगळं काचेसारख्या पारदर्शक ठोकळ्यात कायमचं बसवायचं. पप्पा सळईच्या मिलमध्ये. मिल दोन महिने बंद राहिली तेव्हा किराणा माझ्या घड्याळांवर आला. त्यामुळे हा माझा छंद आहे असं घरात कोणी म्हणत नसे.

काम कसं करायचे तेही सांगते. ग्लोव्ह्ज घालायचे नाहीत, कारण बोटांना कड नीट लागत नाही. हाताला लागलं की थिनरने पुसायचं. थंडीत दार-खिडकी बंद, कारण धूळ बसते आणि गारठ्यात रेझिन घट्ट होतं. घासायचं कोरडंच, ओढणी तोंडाला बांधून. घासून उरलेली पांढरी पूड दुसऱ्या दिवशी केरसुणीने गोळा. बाटलीवर इंग्रजीत लिहिलेलं, विषारी नाही, वास नाही. वास खरंच नव्हता. फायबरच्या टाक्या बनवतात ते पॉलिस्टर रेझिन मी एकदा आणलं होतं, त्याच्या वासाने गल्ली जागी झाली. तो वास स्टायरिनचा, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१८ मध्ये त्याला 'बहुधा कर्करोगकारक' गटात टाकलं. मी ते परत केलं आणि इपॉक्सीला सुरक्षित समजून बसले. नाकाला कळत नाही ते अंगाला लागत नाही, असा माझा हिशोब.

इपॉक्सीने इशारा दिला नाही असंही नाही. एका मे महिन्यात, बाहेर बेचाळीस अंश असताना, मी मोठ्या कपात अर्धा किलो कालवलं आणि फोन घ्यायला गेले. परत आले तर कप वितळून वाकडा झालेला आणि धूर निघत होता. रेझिन आणि हार्डनर एकत्र आले की उष्णता बाहेर पडते. पसरट साच्यात ती निघून जाते, खोल कपात कोंडते, कोंडली की प्रक्रिया आणखी वेगात होते. खोकत खोकत तो कप अंगणात नेला. त्याचं रील केलं. खूप चाललं.

पण फोड आले ते तिसऱ्या हिवाळ्यात. दोन वर्षं काही झालं नाही, हीच यातली मेख आहे.

गल्लीतल्या डॉक्टरांनी मलम दिलं. मलम बरं करायचं, मी काम करायचे, परत फोड. शेवटी संभाजीनगरला त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी पाठीवर पट्ट्या चिकटवल्या, प्रत्येक पट्टीत छोट्या छोट्या वाट्या, प्रत्येकीत एकेक संशयित पदार्थ. सोमवारी लावल्या, बुधवारी काढल्या, शुक्रवारी पुन्हा तपासल्या. तोवर पाठीला पाणी नाही. एका चौकोनावर लालभडक पुरळ आलं होतं. इपॉक्सी.

डॉक्टर बाईंनी समजावलं ते असं. पातळ रेझिनचे रेणू फार लहान असतात, कातडीतून आत शिरतात आणि तिथल्या प्रथिनांना चिकटतात. शरीर त्यांना शत्रू म्हणून लक्षात ठेवतं. हे कधी दहाव्या दिवशी होतं, कधी दोन वर्षांनी. एकदा झालं की ती आठवण जात नाही. मग बोटाला थेंब लागायची गरज नसते, हवेतला अंश किंवा अर्धवट पिकलेल्या रेझिनची पूडही पुरते, आणि पापणीची कातडी सगळ्यात पातळ म्हणून आधी ती सुजते. थिनरने हात पुसणं सगळ्यात वाईट, त्याने कातडीवरचं तेल निघतं आणि रेझिनला रस्ता मोकळा होतो. पुसून साबण-पाण्याने धुवायचं. ग्लोव्ह्ज नायट्राईलचे, तेही लागलं की लगेच बदलायचे. एन-९५ मास्क धूळ अडवतो, वाफ नाही.

"मग आता ग्लोव्ह्ज घालून करू?" मी विचारलं.

"तुम्ही नका करू," त्या म्हणाल्या.

बसमध्ये मी कंपनीच्या साईटवरून माल-सुरक्षेचा कागद उतरवून घेतला. दुसऱ्याच पानावर होतं, एच३१७, त्वचेची ॲलर्जी होऊ शकते. तो कागद तिथेच होता, दोन वर्षं. मी रिव्ह्यू वाचत होते.

घरी आल्यावर आजीला सांगितलं तर तिला काही नवल वाटलं नाही. "बिब्ब्याचं बी तसंच आसतंय," ती म्हणाली. "येकाला काय होत नाही, दुसऱ्याला नुसतं झाडाखालून गेलं तरी उततंय. आन् येकदा उतला की जलमभर उततंय." नंतर मी वाचलं. बिब्ब्याच्या तेलाची ॲलर्जीही अशीच, एक-दोन दिवस उशिराने उठणारी. धोबी कपड्यांवर खुणा करायला बिब्ब्याचा रस वापरायचे, त्याने कपडे घालणाऱ्याच्या मानेवर पुरळ उठायचं. आजीकडे रेणू हा शब्द नव्हता, बाकी निदान बरोबर होतं. उपाय मात्र खोबरं चावून लाव असा होता, तो मी केला नाही.

पुढचे दोन महिने मी दुसरं काही सापडतंय का ते शोधत होते. यूव्ही रेझिन दोन मिनिटांत कडक होतं, पण त्यातल्या ॲक्रिलेटची ॲलर्जी आली तर उद्या दातात सिमेंट भरतानाही ते सांगावं लागेल. पॉलियुरेथेनमध्ये आयसोसायनेट असतात, त्यांनी दमा जडू शकतो. जिप्समचं प्लास्टर स्वस्त आणि वासाचंही नाही, पण पूड नाकात जाऊ द्यायची नाही आणि घट्ट होताना हात आत ठेवायचा नाही. २००७ साली इंग्लंडमध्ये एका शाळकरी मुलीने हाताचा साचा काढायला प्लास्टरच्या बादलीत हात घातले, ते भाजून तिची बहुतेक बोटं गेली. म्हणजे धोका नसलेला पदार्थ नाहीच, त्यातल्या त्यात कळण्यासारखा निवडायचा. मी प्लास्टरचे ट्रे आणि काचेच्या चौकटीत दाबलेली फुलं करायला लागले. गिऱ्हाईक म्हणतं, छान आहे, पण ताई, ते आरपार दिसणारं नाही का? पैसे निम्म्यावर आले. पप्पा काही बोलत नाहीत. फक्त एकदा म्हणाले, "आमच्या मिलमध्ये चटका बसला तर कळतं तरी."

हे इथवर लिहिणं सोपं होतं.

आदल्या दिवाळीत मी माझ्याच खोलीत एक शिबिर घेतलं होतं. चारशे नव्याण्णव रुपये, पाच मुली, एक दुपार. ग्लोव्ह्ज दिले नाहीत. हाताला लागलं तेव्हा मीच प्रत्येकीला थिनरचा बोळा दिला. एकीने विचारलं होतं, ताई, याने काही होत नाही ना? मी बाटली फिरवून तिला लेबल दाखवलं.

नंबर माझ्याकडे होते. फोन करायला मला तीन आठवडे लागले. मी डोळे सुजल्याचं स्टेटस टाकलं असतं तर सोपं झालं असतं, पण मग ऑर्डर गेल्या असत्या. चौघींनी केव्हाच सोडून दिलं होतं. पाचवी घरी घड्याळं करून विकत होती, बरी चालत होती. मी सगळं सांगितलं. ती गप्प. मग म्हणाली, "ताई, माझ्या अंगठ्याला खाज येते दोन महिन्यांपासून. मला वाटलं भांड्याच्या साबणाने."

मी तिला पाठीवरच्या पट्ट्यांचं सांगितलं, डॉक्टरांचा पत्ता दिला. काम तोवर बंद ठेव म्हणाले. "पण ऑर्डर आहेत," ती म्हणाली. मीही हेच म्हणाले होते.

उरलेलं रेझिन मोरीत ओतायचं नसतं. भावाने नायट्राईल ग्लोव्ह्ज घालून अंगणात, थोडं थोडं करून, मोजून हार्डनर घातला आणि जुन्या डब्यांत ओतलं. मी दारात लांब उभी राहून वजन सांगत होते. आजीला त्यातला एक ठोकळा लोणच्याच्या बरणीवर दडपण म्हणून हवा होता. तो दिला नाही. चारही ठोकळे माळवदावर गेले, पावसाळ्यात घातलेला प्लास्टिकचा कागद उडू नये म्हणून. ऊन लागून ते आता पिवळे पडलेत.