कोऱ्या कागदाचे गाव

दौंड-मनमाड लोहमार्गावर पुणतांबा नावाचे स्टेशन आहे. २००९ साली येथून शिर्डीला फाटा निघाला, तेव्हापासून देशाच्या चारी दिशांचे साईभक्त या स्टेशनातून जातात. जातात एवढेच. गाडी थांबली तर खिडकीतून पाटी वाचायची, शिर्डीला आता किती वेळ हे शेजाऱ्याला विचारायचे आणि पुन्हा डोळे मिटायचे. शिर्डी येथून अवघी सतरा किलोमीटर. इतक्या मोठ्या देवस्थानाच्या शेजारी राहायचे म्हणजे वडाखालच्या तुळशीसारखे. पण हे गाव शिर्डीच्या कितीतरी आधीचे आहे.

मी तेथे उतरलो तो चांगदेवासाठी. मराठी शिकविणाऱ्याला चांगदेव चुकत नाही. चौदाशे वर्षे जगलेला हा योगी. त्याला ज्ञानेश्वरांना पत्र लिहावेसे वाटले, पण मायन्यापाशीच त्याचे घोडे अडले. वयाने लहान म्हणून ‘चिरंजीव’ लिहावे, तर ज्ञानाने ते वडील; ‘तीर्थरूप’ लिहावे, तर पोर कालचे. शेवटी त्याने कोराच कागद धाडला. चौदाशे वर्षे जगून हा कोरा तो कोराच, असे मुक्ताई म्हणाली, आणि ज्ञानेश्वरांनी उत्तरादाखल पासष्ट ओव्या पाठविल्या. पुढे वाघावर बसून, हातात सापाचा चाबूक घेऊन आलेल्या या योग्याला चालत्या भिंतीने खाली उतरविले आणि त्याने मुक्ताईला गुरू केले. चांगदेव एक की अनेक, याविषयी पंडितांत वाद आहेत. पुणतांब्यात तो वाद काढू नये. गोदातीरी त्याची समाधी आहे, लोक तेथे डोके टेकतात, विषय संपला.

‘पुण्यस्तंभ’ हे गावाचे जुने नाव, असे गावकरी सांगतात. स्तंभाचा प्राकृतात ‘थंभ’ होतो. त्याचा ‘तांबा’ करायचा म्हणजे थोडी ओढाताण आलीच. पण गावाच्या नावाची व्युत्पत्ती गावाला पटली की प्राध्यापकाने गप्प बसावे. दक्षिण काशी म्हणूनही पुणतांबा ओळखला जातो. महाराष्ट्रात दक्षिण काशींना तोटा नाही, हे खरे; पण येथे नदीला अहिल्याबाई होळकरांनी बांधलेला घाट आहे. बाईंचा जन्म याच जिल्ह्यातल्या चोंडीचा, आणि २०२४ पासून जिल्ह्याचे नावच अहिल्यानगर झाले आहे. दहाव्याच्या विधीला आलेली माणसे घाटाच्या पायऱ्यांवर मुकाट बसून असतात. पलीकडे पाहिले तर पात्रात उन्हाळ्यात पाण्यापेक्षा दगडच अधिक.

गाव बाजारपेठेचे, पण नगरपालिका नाही. पूर्वी कोपरगाव तालुक्यात होते, आता राहाता तालुक्यात आहे. कारभार ग्रामपंचायतीचा. देवळाखेरीज गावाला धरून ठेवणाऱ्या संस्था पाहायच्या तर तलाठ्याची चावडी, सोसायटी आणि दूध संकलन केंद्र. सोसायटी म्हणजे विविध कार्यकारी सेवा सोसायटी. पीककर्ज तेथून मिळते. कर्ज घेतले की सातबाराच्या ‘इतर अधिकार’ या रकान्यात बोजा चढतो. गाव नमुना सात जमीन कोणाची ते सांगतो, गाव नमुना बारा तिच्यात काय पिकले ते. दोन्ही एका कागदावर आले म्हणून तो सातबारा. शेतकऱ्याची जन्मपत्रिका जोशाकडे नसते, ती चावडीत असते.

या मुलखात सातबाराची आणखी एक कहाणी आहे. गोदावरीचे कालवे आले, ऊस आला, उसापाठोपाठ खासगी साखर कारखाने आले. पुणतांब्याजवळचे चांगदेवनगर हे नाव त्यातलेच. या कारखान्यांनी शेतकऱ्यांच्या जमिनी खंडाने घेतल्या. १९६१ साली कमाल जमीनधारणेचा कायदा झाला, कारखान्यांकडची जादा जमीन सरकारजमा झाली आणि १९६३ साली स्थापन झालेल्या शेती महामंडळाकडे गेली. त्यात खंडाने दिलेल्या जमिनीही गेल्या. जमीन सोडली नव्हती, भाड्याने दिली होती, असे म्हणत खंडकऱ्यांच्या दोन पिढ्या कचेऱ्यांचे उंबरे झिजवीत राहिल्या. २०१२ मध्ये जमिनी परत मिळू लागल्या. एका शेतकऱ्याची धडपड सातबारावर नाव चढावे म्हणून, शेजारच्याची बोजा उतरावा म्हणून.

तो बोजा उतरविण्यासाठीच पुणतांबा २०१७ मध्ये साऱ्या देशाला माहीत झाला. आधी दुष्काळ पडला होता. मग पाऊस चांगला झाला, पीक भरघोस आले आणि भाव कोसळले. एप्रिलमध्ये ग्रामसभा भरली आणि तिने ठराव केला : शेतकरी संपावर जाणार. संप गिरणीचा ऐकला होता, शेतीचा कोणी करावा? तसा महाराष्ट्रात एक झालेला आहे. अलिबाग तालुक्यातल्या चरीच्या कुळांनी १९३३ पासून सहा वर्षे जमिनी पडीक ठेवल्या होत्या. पण तो खोतांविरुद्ध होता, समोर धनी दिसत होता. येथे धनी कोण? चांगदेवाला मायना सुचला नव्हता. या गावाने मायन्याचा घोळ घातला नाही. कर्जमुक्ती द्या, खर्चावर आधारलेला भाव द्या, दुधाला दर द्या, असे सरळ लिहिले.

१ जूनला संप सुरू झाला. दूध रस्त्यावर ओतलेले पाहून शहरातली मंडळी हळहळली; मीही त्यांतलाच. ३ जूनच्या पहाटे मुंबईत मुख्यमंत्र्यांशी बोलणी होऊन किसान क्रांतीच्या प्रतिनिधींनी संप मागे घेतल्याचे जाहीर केले आणि शेतकऱ्यांत फूट पडली. अनेकांनी तो पुढे चालविला. ११ जूनला सरकारने कर्जमाफी तत्त्वतः मान्य केली, २४ जूनला दीड लाखापर्यंतची माफी जाहीर झाली. ठराव गावाचा, त्याचा शेवट मात्र गावाबाहेर लिहिला गेला. ही गोष्ट गावाच्या मनातून गेलेली नाही. जून २०२२ मध्ये ग्रामस्थांनी पुन्हा धरणे धरले, मंत्री आले, आश्वासने दिली.

संपात पुढे असलेल्या पिढीतले एक गृहस्थ पारावर भेटले. मी विचारले, “काका, सातबारा कोरा झाला का?”

“झाला होता की. दीड लाखाच्या आतलाच होतो मी. भाऊ वर होता थोडा, त्याचा नाही झाला.”

“आणि आता?”

“आता पुन्हा भरलाय. बोअर आटली, नवी घेतली. कांद्यानं तोंडाला पानं पुसली. सर, तुम्ही मास्तर लोक कोरा म्हणजे रिकामा म्हणता. आमच्यात कोरा म्हणजे सुटलेला.”

मुक्ताईच्या ‘कोऱ्या’वर मी कितीतरी तास वर्गात बोललो आहे, हा अर्थ कोणत्याही टीकेत मला आढळला नव्हता. त्यावर आणखी काही विचारावे तोवर काकांनी किटली उचलली. केंद्रावर दूध घालायची वेळ झाली होती. उशीर झाला की माप बंद होते.