ओढ्याकाठचा हिमालयी तेरडा

हिमाचल प्रदेशातील कुलू खोऱ्यातून मनालीकडे जाताना डोंगरउतारांवरचे ओढे ठिकठिकाणी बियास नदीला येऊन मिळतात. ऑगस्टच्या सुमारास त्यांच्या ओलसर काठांवर पुरुषभर उंचीचा हिमालयी तेरडा गुलाबी फुलांनी डवरलेला असतो. आपल्या अंगणातील तेरड्याचाच हा भाऊबंद.

फुलाची रचना निरखण्यासारखी आहे. पाकळीसारखे दिसणारे पिशवीदार निदल आणि त्याच्या मागच्या वळलेल्या शेपटीत मध. तो घेण्यास केसाळ भुंगा आत शिरला की वरच्या बाजूचे पुंकेसर त्याच्या पाठीवर पांढरा पराग माखतात. पुढे पुंकेसरांची टोपी गळते आणि तिच्याखालचे स्त्रीकेसर उघडे होते. मग येणारा भुंगा दुसऱ्या फुलाचा पराग आणून देतो. आधी देणे, मग घेणे, असा हा चोख व्यवहार.

हीच वनस्पती १८३९ मध्ये शोभेसाठी इंग्लंडला नेण्यात आली. तिला आवर घालणारे मायदेशीचे कीटक व रोग तेथे नव्हते. तिने नद्यांचे काठ व्यापले. विपुल मधामुळे भुंगे तिच्याकडे वळले आणि युरोपातील काही स्थानिक रानफुलांची बीजधारणा घटल्याचे आढळले. अखेर २०१४ पासून हिमालयातील तांबेरा तेथे तिच्यावर सोडण्यात येऊ लागला.

पक्व शेंगेला बोट लागताच ती फुटून बिया दूर उडतात. मुलांना ही गंमत अवश्य दाखवावी. परंतु आपल्या बागेसाठी त्या बिया सोबत आणू नयेत.